कांद्याच्या कुरकुरीत कड्या घरी कशा कराव्यात

कांद्याच्या वजनात सुमारे ८९ टक्के पाणी असते, आणि कांद्याच्या कड्या घरी तळताना जे काही बिनसते ते बहुतेक वेळा या पाण्यामुळेच बिनसते. आवरण सुटून तेलात तरंगू लागते, कडी तेल पिते, वरून सुरेख रंग आलेला असूनही ताटात ठेवल्यावर पाच मिनिटांत सादळते. या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात आणि म्हणून प्रत्येकीवर वेगळा उपाय शोधला जातो. कोणी पिठात आणखी एखादा जिन्नस घालते, कोणी आच वाढवते, कोणी कड्या आणखी पाच मिनिटे तळते. माझा अनुभव असा की कुरकुरीतपणा देणारा कोणताही गुप्त जिन्नस नाही. कांद्यातले पाणी कोठून बाहेर पडते, कोठे अडते आणि बाहेर पडल्यावर पुन्हा आवरणात कसे शिरते, एवढ्यावर लक्ष ठेवले तर अगदी साध्या साहित्यातूनही कड्या अर्धा तास कुरकुरीत राहतात. म्हणून येथे कृती सांगताना प्रत्येक टप्प्यावर त्या पाण्याचा माग घेतला आहे.

चार जणांना खाण्याच्या सुरुवातीला पुरतील एवढ्या कड्यांसाठी दोन मोठे कांदे, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम, पुरेसे होतात. भिजवायच्या पिठासाठी १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चहाचा एक सपाट चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, थोडी मिरपूड किंवा तिखट आणि १८० ते २०० मिलिलिटर अगदी थंड, साखर नसलेला बाटलीतला सोडा (सोडावॉटर, खाण्याचा सोडा नव्हे) घ्यावा. याखेरीज कड्या घोळवण्यासाठी तीन-चार मोठे चमचे कोरडा मैदा आणि तळण्यासाठी तेल लागते. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पांढरेशुभ्र, बोटांत घेतल्यावर करकरणारे स्टार्च. पिवळे मक्याचे पीठ नव्हे. ही गल्लत बरेचदा होते आणि मग आवरण रवाळ आणि जड होते.

कांदा कोणत्याही रंगाचा चालतो, पण तो मोठा, गोल, घट्ट आणि कोंब न आलेला असावा. कोंब आलेल्या कांद्याचे थर आतून सैल पडलेले असतात आणि कड्या एकसारख्या निघत नाहीत. लाल कांदा वापरणार असाल तर पिठात खाण्याचा सोडा घालू नये, कारण त्याच्या सालीतले जांभळे रंगद्रव्य सोड्याच्या संपर्कात निळसर-हिरवट होते. चवीत फारसा फरक पडत नाही, पण कडी मोडल्यावर आत दिसणारा तो रंग पाहून खाणाऱ्याचा हात थबकतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्लही असल्यामुळे ही अडचण सहसा येत नाही.

कांदा आडवा कापावा, म्हणजे देठ आणि मूळ यांना जोडणाऱ्या रेषेला सुरी काटकोनात चालावी. चकती ८ ते १० मिलिमीटर जाडीची असावी. त्याहून पातळ कडी आवरणात विरघळल्यासारखी होते आणि खाताना नुसते पीठ लागते. त्याहून जाड कडीतला कांदा आवरण तयार होईपर्यंत कच्चाच राहतो. डोळ्यांना पाणी आणणारा वायू कांद्याच्या पेशी फुटल्यावर विकरांच्या क्रियेतून तयार होतो, त्यामुळे कांदा चिरण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला आणि सुरीला चांगली धार असली तर त्रास बराच कमी होतो. बोथट सुरी पेशी कापण्याऐवजी चिरडते. तिने डोळ्यांतही पाणी येते आणि चकतीच्या पृष्ठभागावरही. दुसरे पाणी आपल्याला जास्त महाग पडते, कारण ओल्या पृष्ठभागावर पीठ टिकत नाही.

चकत्या वेगळ्या केल्यावर आतल्या लहान कड्या बाजूला काढून ठेवाव्यात. त्यांचा उपयोग पुढे सांगितला आहे. मोठ्या कड्या हाती घेतल्यावर जे काम करायचे ते बहुतेक पाककृतींत लिहिलेले नसते आणि माझ्या मते सगळ्या कृतीत तेच सर्वांत मोलाचे आहे. कडीच्या आतल्या, म्हणजे पोकळीकडच्या बाजूवर एक पारदर्शक, गुळगुळीत पापुद्रा असतो. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्यासाठी काचपट्टीवर पसरला जातो तो हाच. या पापुद्र्यावर पीठ धरत नाही, घसरते. शिवाय तो चिवट असतो. कडीचा पहिला तुकडा तोडताना तो तुटत नाही, सबंध कांदा आपल्यामागे ओढत बाहेर आणतो आणि हातात आवरणाची पोकळ नळी उरते. कडीची कडा नखाने किंचित उचलून पापुद्रा हळूच ओढला की तो ओल्या कागदासारखा अलगद सुटत जातो. एखाद्या ठिकाणी तुटला तर दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करावी. वीस-बावीस कड्यांना दहा-बारा मिनिटे लागतात, आणि काम कंटाळवाणे आहे हे मान्यच केले पाहिजे.

ज्यांना एवढी निगुती नको असेल त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. चिरलेल्या कड्या पिशवीत घालून तासभर किंवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि नंतर साध्या पाण्यात घालून सुट्या कराव्यात. गोठताना पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक तयार होऊन पेशींच्या भिंती फाटतात, त्यामुळे कांदा मऊ पडतो, पापुद्रा बोटाने नुसता सरकवला तरी निघतो आणि तळल्यावर कांदा दातांखाली लगेच तुटतो. मात्र अशा कड्यांतून पाणी भरपूर सुटते. त्या कोरड्या करण्यात हयगय केली तर फ्रीझरने जे कमावले ते कढईत गमवावे लागते.

कांदा फार तिखट असेल तर चिरलेल्या कड्या १५ ते २० मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवाव्यात. उग्रपणा बऱ्यापैकी उतरतो. कांद्यावर थेट मीठ मात्र मुळीच लावू नये. मीठ लावले की पाच मिनिटांत कड्यांच्या खाली पाण्याचे तळे साचते, आणि पिठाखाली हेच घडले तर आवरण आतून ओले होत राहते. कड्या पाण्यात ठेवल्या असोत वा नसोत, स्वच्छ सुती कापडावर एकेक पसरून दुसऱ्या कापडाने वरून टिपून घ्याव्यात. कडी गालाला लावली असता गार लागावी, पण ओली लागू नये. ही कसोटी ऐकायला विचित्र वाटेल, पण बोटांपेक्षा गालाला ओल लवकर कळते.

टिपलेल्या कड्या कोरड्या मैद्यात चिमूटभर मिरपूड घालून घोळवाव्यात आणि प्रत्येक कडी झटकून जास्तीचा मैदा पाडून टाकावा. कोरड्या मैद्याचा हा पातळ थर पृष्ठभागावर उरलेली ओल शोषून घेतो आणि भिजवलेल्या पिठाला धरायला खडबडीत जागा देतो. मैदा जाड बसला तर तोच थर चिखल होऊन आवरण सोलपटासारखे सुटते, म्हणून झटकणे विसरू नये.

आता पीठ भिजवण्याकडे वळावे, पण तेल तापत आल्याशिवाय नव्हे. मैद्याला पाणी लागले आणि तो ढवळला गेला की त्यातील प्रथिनांचे ग्लुटेन तयार होते. पोळीच्या कणकेला ते हवे असते, येथे नको असते. ग्लुटेन जितके जास्त तितके आवरण चिवट आणि पाव खाल्ल्यासारखे. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नसते, म्हणून मैद्याचा एक तृतीयांश भाग काढून त्या जागी ते घालायचे. तांदळाचे पीठही चालते. त्याने आवरण थोडे कडक आणि चुरचुरीत होते. केवळ मैदा वापरू नये आणि केवळ स्टार्चही वापरू नये, कारण मैद्याच्या चिकटपणाशिवाय आवरण कांद्यावर टिकत नाही आणि कढईत त्याचे तुकडे तुकडे होतात.

सोडा दोन कारणांनी उपयोगी पडतो. त्यातील कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे पिठात अडकतात आणि तेलात पडताच फुगतात, त्यामुळे आवरणात असंख्य बारीक पोकळ्या तयार होतात. वाफेला बाहेर पडायला वाट मिळते आणि दातांखाली जाड भिंतीऐवजी पातळ पापड्या येतात. दुसरे, थंड पिठात ग्लुटेन सावकाश बनते. म्हणून सोड्याची बाटली शेवटच्या क्षणी उघडावी, कोरड्या मिश्रणात तो एकदम ओतावा आणि काट्याने दहा-बारा वेळाच फिरवावे. गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात. पीठ एकजीव आणि रेशमासारखे झाले म्हणजे आपण जास्त ढवळले असे खुशाल समजावे. चमचा बुडवून उचलला असता त्याची पाठ पिठाने झाकलेली राहावी आणि उरलेले पीठ सलग धारेने खाली पडावे. ते ठिबकत पडत असेल तर चमचाभर सोडा आणखी घालावा. पाण्यासारखे सरकन निघून जात असेल तर चमचाभर कॉर्नफ्लोअर. सगळे पीठ एकदम न भिजवता दोन भागांत भिजवले तर दुसऱ्या घाण्यालाही ताजे बुडबुडे मिळतात.

पिठात दूध किंवा ताक घालण्याची रीत आहे आणि चवीला ती वाईट नाही, पण तिच्यात एक फसवणूक दडलेली आहे. तळताना येणारा सोनेरी-तपकिरी रंग मुख्यतः प्रथिने आणि साखर यांच्या अभिक्रियेतून येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले आणि आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. दुधात प्रथिनेही आहेत आणि दुग्धशर्कराही, त्यामुळे दूध घातलेले आवरण झपाट्याने रंग धरते. पाणी मात्र तितक्या घाईने बाहेर पडत नाही. परिणामी कडी झाली असे समजून आपण ती काढतो, आणि आत अडकलेले पाणी पुढच्या पाच मिनिटांत तिला मऊ करते. रंगावर विसंबू नये असे मी म्हणतो ते याचसाठी.

तळण्यासाठी जाड बुडाची खोल कढई घ्यावी, तेल पाच-सहा सेंटीमीटर खोल असावे आणि कढई कोणत्याही परिस्थितीत निम्म्याहून अधिक भरू नये, कारण ओली वस्तू पडताच तेल फेसाळून वर येते. रिफाइन्ड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल चांगले. ते धूर सोडू लागण्याचे तापमान आपल्याला लागणाऱ्या तापमानापेक्षा बरेच वर असते. तेल १८० अंश सेल्सिअसला आणावे. तापमापक नसेल तर भिजवलेल्या पिठाचा थेंब तेलात सोडावा. थेंब तळाशी जाऊन बसून राहिला तर तेल थंड आहे. तळाकडे जाऊन एक-दोन सेकंदांत बुडबुड्यांसह वर आला तर तेल तयार आहे. बुडालाच नाही आणि पाहता पाहता तपकिरी झाला तर तेल जास्त तापले आहे, गॅस बंद करून थोडे थांबावे.

कडी चिमट्याने किंवा काडीने उचलावी, पिठाची धार तुटेपर्यंत भांड्यावर धरावी आणि तेलाच्या पृष्ठभागाजवळ नेऊन आपल्यापासून दूरच्या दिशेने अलगद सोडावी. उंचावरून टाकू नये. एका वेळी चार किंवा पाच कड्या, त्याहून जास्त नाहीत. या नियमाचा लोकांना सर्वांत जास्त कंटाळा येतो आणि तोच मोडला की सगळे बिघडते. प्रत्येक कडी आपल्याबरोबर थंड पाणी घेऊन तेलात उतरते. दहा कड्या एकदम सोडल्या की तेल १५० अंशांच्या खालीही जाऊ शकते. तेल पुरेसे तापलेले असते तेव्हा आवरणातले पाणी जोराने वाफ होऊन बाहेर धावते आणि ती वाफ तेलाला आत येऊ देत नाही. तेल निवले की हा जोर ओसरतो, आवरण घट्ट व्हायला वेळ लागतो आणि कडी तेलकट होते. म्हणून प्रत्येक घाण्यानंतर तेल पुन्हा १८० अंशांवर येईपर्यंत थांबावे.

कडी सोडल्यानंतरचे पहिले अर्धे मिनिट तिला झाऱ्याने ढोसू नये. आवरण अजून मऊ असते आणि फाटते. नंतर ती उलटावी. एकूण अडीच ते तीन मिनिटे लागतात, पण घड्याळापेक्षा कान जास्त भरवशाचा. सुरुवातीला कढईतून दाट, सलग सळसळ ऐकू येते आणि कडीभोवती बारीक बुडबुड्यांचे जाळे दिसते. जसजसे पाणी संपत जाते तसतसा आवाज विरळ होतो, बुडबुडे कमी आणि मोठे होतात, आणि झाऱ्याने कडी हलवली असता ती कढईच्या कडेला लागून टक् असा कोरडा आवाज करते. तो आवाज आला की काढावी. सळसळ दाट असताना रंग कितीही सुंदर आलेला असो, आच जराशी कमी करून आणखी थांबावे.

काढताना घडणारी एक गोष्ट क्वचितच कोणी लक्षात घेते. तळलेल्या पदार्थात शिरणाऱ्या तेलाचा मोठा भाग कढईत नव्हे, कढईबाहेर आल्यावर शिरतो. कडी निवू लागली की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. त्यामुळे झाऱ्यात कडी उचलताच कढईवरच दोन-तीन वेळा चांगली झटकावी आणि लगेच जाळीवर ठेवावी. जाळीखाली ताट असावे आणि जाळी ताटापासून दोन बोटे उंच. नुसत्या कागदावर कड्या ठेवल्या तर तेल टिपले जाते खरे, पण खालच्या बाजूने निघणारी वाफ कागदात अडकते आणि तीच बाजू आधी सादळते. कड्या एकमेकींवर रचू नयेत. वरून थोडे बारीक मीठ याच वेळी भुरभुरावे, म्हणजे उरलेल्या तेलावर ते चिकटून बसते.

पाहुणे यायला उशीर झाला म्हणून मी एकदा तळलेल्या कड्या डब्यात भरून घट्ट झाकण लावले होते. दहा मिनिटांनी झाकण उघडले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूवर थेंबांची रांग लागली होती आणि कड्या इडलीसारख्या मऊ झाल्या होत्या. तेव्हापासून गरम राखायच्या असतील तर जाळीसकट १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतो, दार किंचित उघडे ठेवून.

ज्यांना आधी तयारी करून ठेवायची आहे त्यांनी कड्या दोनदा तळाव्यात. पहिल्यांदा १६० अंशांवर दोन मिनिटे, रंग येण्याआधीच काढून जाळीवर पसराव्यात. या अवस्थेत त्या तासभर राहतात. वाढण्याच्या वेळी तेल १९० अंशांना आणून पाऊण ते एक मिनिट पुन्हा तळल्या की निवताना आतून आवरणात आलेले पाणीही उडून जाते. मला ही रीत एकदा तळण्यापेक्षा सरस वाटते, पण तेल दोनदा तापवण्याची तयारी हवी.

सोड्याचे सरसरीत पीठ ओव्हन किंवा एअर फ्रायरसाठी मात्र उपयोगाचे नाही. गरम हवेत ते घट्ट होण्यापूर्वी ओघळून तळाशी चिकटते. तेथे कडी मैद्यात, मग फेटलेल्या अंड्यात किंवा जाडसर पिठात, आणि शेवटी ब्रेडच्या कोरड्या चुऱ्यात घोळवावी. चुऱ्याला आधीच दोन चमचे तेल चोळून कढईत मंद आचेवर बदामी परतून घेतले तर कड्यांचा रंग फिका राहत नाही. ओव्हन २२० अंशांवर तापवून १५ मिनिटांच्या आसपास आणि एअर फ्रायर २०० अंशांवर आठ ते दहा मिनिटे, दोन्हीकडे मध्यावर उलटून. चव वेगळी लागते, बरोबरीची नाही.

बाजूला काढलेल्या आतल्या लहान कड्या फेकू नयेत. त्या पातळ उभ्या चिरून, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून आणि चाळणीत हलवून जास्तीचे पीठ काढून टाकले की त्यांचे कुरकुरीत धागे तळता येतात. येथे तेल १६० अंशांच्या आसपासच ठेवावे, सतत हलवत राहावे आणि हव्या त्या रंगाच्या एक छटा आधीच काढावे, कारण आतल्या उष्णतेने रंग बाहेर आल्यावरही गडद होत जातो. कांद्याच्या स्वतःच्या साखरेमुळे ते अर्ध्या मिनिटात सोनेरीचे कडू होतात.

तळताना कढईजवळून हलू नये. तेलाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी कधीही ओतू नये. गॅस बंद करून कढईवर घट्ट बसणारे धातूचे झाकण सरकवावे आणि कढई न हलवता ती पूर्ण निवू द्यावी. काम झाल्यावर तेल निवले की दाट सुती कापडातून गाळून घ्यावे, कारण तळाशी बसलेला पिठाचा चुरा पुढच्या वेळी आधी जळतो आणि तेल कडवट करतो. गाळलेले तेल काळपट, चिकट झाले, तापवताना फेसाळू लागले किंवा लवकर धूर सोडू लागले की टाकून द्यावे.

उरलेल्या कड्या दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नयेत. तो कांद्यातल्या पाण्यालाच आधी तापवतो आणि वाफ आवरणात ढकलतो. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर सहा-सात मिनिटे ठेवल्यास त्या पुन्हा बऱ्यापैकी कुरकुरीत होतात.